गंजाचा डाग काढण्याआधी

घट बसायच्या आधी घरातलं सगळं धुऊन काढायची आपल्याकडे रीत आहे. अंथरूण-पांघरूण नदीवर जातं, डबे-भांडी अंगणात येतात, आणि चार महिने पागोळ्यांखाली पाणी धरायला ठेवलेला प्लास्टिकचा टबही पालथा होतो. शाहूवाडीसारख्या दांडग्या पावसाच्या तालुक्यात त्या टबावर अनेकदा तांबूस पट्टा उमटलेला असतो. साबणानं तो जात नाही, राखेनं जात नाही. मग घरातच मतं पडतात. कुणी म्हणतं, दुकानातून ॲसिडची बाटली आणा, दोन मिनिटांत निघेल. कुणी तारेची घासणी पुढं करतं. कुणी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकायला सांगतं. आणि एखादी वयस्कर बाई म्हणते, राहू दे की, टब गळतोय थोडाच.

यातलं एकही मत वेडगळ नाही. प्रत्येकामागं कुणाचा तरी अनुभव आहे. पण प्रत्येक उपायाची किंमत वेगळी आहे आणि ती मोजणारं माणूसही वेगळं आहे. कधी ती हाताच्या कातडीनं मोजली जाते, कधी न्हाणीतल्या फरशीनं, कधी शेजारच्या ओढ्यानं. म्हणून डाग सर्वांत लवकर कशानं निघतो एवढंच विचारून भागत नाही. तो आला कुठून, हे आधी विचारायला हवं. आमच्या मते या सगळ्या चर्चेत तोच प्रश्न मागं राहतो.

प्लास्टिक गंजत नाही. टबावरचा गंज बाहेरून आलेला असतो आणि त्याच्या यायच्या वाटा मोजक्याच आहेत. पागोळ्यांखालच्या टबाचा संशय सरळ छपरावरच्या पत्र्यावर जातो. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून मुळातच किंचित आम्लधर्मी होतं. स्वच्छ हवेतल्या पावसाचा सामूसुद्धा ५.६ च्या आसपास असतो. पत्र्यावरचा जस्ताचा मुलामा शाबूत आहे तोवर लोखंड झाकलेलं राहतं. खिळ्याच्या भोकाशी, कापलेल्या कडेला, वाकलेल्या जागी मुलामा गेला की तिथून गंज सुटतो आणि थेंबाथेंबानं टबात उतरतो. दुसरी वाट टबात किंवा टबाला टेकून राहिलेल्या वस्तूची: लोखंडी कढई, विळी, बादलीची कडी, तिवई. तिसरी वाट हापशाच्या किंवा बोअरच्या जुन्या लोखंडी पाइपाची. आणि चौथी, जमिनीतूनच लोह विरघळवून आलेल्या पाण्याची.

या वाटा डागाच्या आकारावरून बऱ्याच अंशी ओळखता येतात. एकाच जागी गोल ठसा किंवा वरून खाली ओघळ असेल, तर वस्तू किंवा पत्रा. पाण्याच्या पातळीला चौफेर कडं बसलं असेल, तर पाणी. पाण्यावर संशय असला तर पहाटे हापशाचं पहिलं पाणी काचेच्या बाटलीत भरावं आणि बराच वेळ हापसल्यावर दुसऱ्या बाटलीत. पहिली बाटली तांबूस आणि दुसरी स्वच्छ निघाली, तर रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यानं पाइपाचा गंज उचललेला आहे. दोन्ही बाटल्या भरताना स्वच्छ आणि रात्रभर ठेवल्यावर दोन्ही पिवळसर होऊन तळाशी तांबूस गाळ बसला, तर लोह पाण्यातच विरघळलेलं आहे. जमिनीखाली प्राणवायू कमी असतो, तिथं ते पाण्यात दिसेनासं राहतं. हवा लागली की गंजाच्या रूपात बाहेर पडतं. त्या पाण्याचा चहा काळपट होतो. हिरड्याची पूड टाकली तर पाणी निळं-काळं पडतं. आपल्या घाटातला हिरडा आणि लोह यांच्याच मिलाफातून पूर्वी लिहायची शाई होत असे.

तालुक्यातलं सगळं पाणी एका जातीचं नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. पश्चिमेला आंबा, विशाळगड, गजापूर या अंगाला सड्यांवर जांभा आहे. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. त्यातलं बहुतेक लोह पाण्यात सहज विरघळत नाही. पण धो-धो पावसानं क्षार धुऊन गेलेल्या अशा जमिनीतून येणारं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असू शकतं, आणि असं पाणी लोखंडी पाइप खातं. पूर्वेला, बांबवड्याच्या बाजूला काळा बेसॉल्ट आणि काळी-तांबडी माती. तिथल्या बोअरचं पाणी जड असण्याची शक्यता अधिक. म्हणून एका गावाचा उपाय दुसऱ्या गावाला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.

हापशाची गोष्ट इथं थोडी सांगायला हवी, कारण ती आपल्याच राज्यातून सुरू होते. खोल बोअरवर शेकडो माणसांनी रोज हापसूनही टिकेल असा पंप पूर्वी नव्हता. जालन्यात आणि मग सोलापुरात त्यावर काम झालं. सोलापूर पंपाच्या रचनेवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू हा हापसा तयार झाला आणि देशभर लाखोंच्या संख्येनं बसला. दुष्काळी मुलखाला त्यानं पाणी दिलं, हे त्याचं मोठं ऋण आहे. पण त्याच्या खाली सोडलेला पाइप जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा. सामू ६.५ च्या खाली असलेल्या पाण्यात तो मुलामा फार टिकत नाही. मग लोक पाणी लाल येतं म्हणून हापसा सोडून ओढ्याकडे वळतात, आणि भूगर्भातलं त्या मानानं सुरक्षित पाणी बाजूला पडतं. जगात अनेक ठिकाणी हे झालं. तिथं प्लास्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे पाइप घातल्यावर पाणी निवळलं.

आता डाग काढायच्या उपायांकडे येऊ.

तारेची घासणी सर्वांत आधी हाताशी येते आणि आम्ही तिला सर्वांत आधी नकार देऊ. तिनं डाग फिका दिसतो हे खरं. पण टबाचा गुळगुळीत पृष्ठभाग चरांनी भरतो. साध्या पोलादाच्या तारेचे बारीक कण त्या चरांत अडकून स्वतःच गंजतात, आणि पुढच्या वेळचा डाग अधिक खोल बसतो. शिवाय ओल्या चरांत शेवाळ धरतं. आंब्याच्या बाजूला पर्यटकांसाठी राहण्याच्या सोयी झाल्या आहेत. अशा ठिकाणी ॲक्रिलिक किंवा फायबरचा न्हाण्याचा टब असेल, तर ही काळजी दुप्पट घ्यावी. त्याची चकाकी एकदा गेली की परत येत नाही, आणि थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं द्रावण लावलं तर ॲक्रिलिक विरघळतं.

टीसीएल किंवा ब्लीचचा सल्ला मिळतो, कारण कपड्यावरचे चहाचे, हळदीचे डाग त्यानं जातात. त्या डागांमधला रंग ब्लीच मोडून काढतो. गंज मात्र आधीच पुरता ऑक्सिडीकरण झालेलं लोखंड आहे, त्याला आणखी मोडायला काही उरलेलं नसतं. उलट, पाण्यात विरघळलेलं थोडं लोह शिल्लक असेल तर ब्लीचनं तेही गंज होऊन बसतं. पांढऱ्या शाळकरी सदऱ्यावर गंजाचा डाग पडला आणि वर ब्लीच टाकलं, की तो पक्का होतो तो यामुळेच. इथं ब्लीच चालत नाही, यावर दोन मतं होण्याचं कारण नाही.

ॲसिडची बाजू मात्र नीट ऐकून घ्यायला हवी. संडास साफ करायच्या बाटलीत बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, आणि दुकानात सुटं मिळणारं त्याहून तीव्र. ते गंज भराभर विरघळवतं. बादली-टब ज्या पॉलिथिलीनचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्या प्लास्टिकला ते इजाही करत नाही. ज्या बाईला पहाटे धारा काढून, डेअरीला दूध घालून, पोरांचे डबे भरून वर शेतावर जायचं आहे, तिला दोन मिनिटांचा उपाय सोडून दोन तासांचा करा असं सांगणं सोपं नाही. तिच्या वेळेला किंमत आहे, आणि बहुतेक घरगुती सल्ले ती किंमत शून्य धरतात.

तरीही तीव्र ॲसिड आम्हाला घरात नको वाटतं, ते टबाच्या भोवती जे असतं त्याच्यासाठी. न्हाणीत खाली शहाबादी फरशी असते. ती चुनखडीची. ॲसिडचा थेंब पडला की ती फसफसते आणि खड्डा पडतो. बंद न्हाणीत उठणाऱ्या वाफा डोळ्यांना, छातीला झोंबतात आणि शेजारच्या नळाला, बिजागरीला नवा गंज चढवतात. धुऊन टाकलेलं पाणी शोषखड्ड्यात किंवा ओढ्यात जातं. पुष्कळ घरांत ते परसातल्या अळवाला, केळीलाच जातं. सगळ्यांत मोठं भय वेगळंच आहे: कुणी आदल्या दिवशी टाकलेल्या टीसीएलवर ॲसिड ओततं आणि क्लोरीन वायू सुटतो. लहान न्हाणीत त्याचा एक लोट माणसाला दवाखान्यात पोचवायला पुरतो. लिंबाचं किंवा चिंचेचं आम्लसुद्धा टीसीएलवर पडलं तर थोडा का होईना क्लोरीन सुटतोच, म्हणून या दोन गोष्टी कधीच एकत्र करू नयेत. सुट्या ॲसिडच्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बंधनं घातली ती बायकांवर होणाऱ्या हल्ल्यांमुळे. घरात तशी बाटली नसावी याला तेवढं एक कारणही पुरेसं आहे.

मग राहिलं सौम्य आम्ल. आपल्या स्वयंपाकघरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. तांब्या-पितळेचे बंब, घंगाळी, समया आपण चिंचेनं, आमसुलानं, लिंबाच्या सालीनं लख्ख करत आलो. चिंचेतलं टार्टारिक, लिंबातलं सायट्रिक ही आम्लं लोखंडाच्या कणाला नुसती विरघळवत नाहीत, तर धरून ठेवतात आणि पाण्याबरोबर वाहून नेतात. टबासाठी सगळ्यात सोयीची म्हणजे सायट्रिक ॲसिडची पावडर, जिला बरेच जण लिंबूसत्त्व म्हणतात. अर्धा लिटर कढत पाण्यात दोन मोठे चमचे पावडर विरघळवावी. जुना सुती पंचा त्यात भिजवून डागावर दाबून पसरावा, वर प्लास्टिकचा कागद टाकावा म्हणजे वाळत नाही. मग दोन-तीन तास किंवा रात्रभर विसरून जावं. सकाळी वाळलेल्या घोसाळ्याच्या घासणीनं किंवा मऊ स्पंजानं पुसलं की बहुतेक डाग उतरतो. उरला तर पुन्हा पंचा ठेवावा, जोर लावू नये. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं पुसून भरपूर पाण्यानं धुवावं. हे काम अंगणात करावं, शहाबादीवर नको. लिंबाचं आम्लही चुनखडीला खातंच, सावकाश इतकंच.

वेळेचा हिशेब इथं वेगळ्या तऱ्हेनं मांडता येतो. घड्याळ लावलं तर रात्रभर ठेवलेल्या या उपायाला दहा तास लागतात, पण बाईचे हात त्यात जेमतेम दहा मिनिटं गुंततात, आणि तेही रात्रीची भांडी झाल्यावर. ॲसिडच्या दोन मिनिटांत हातमोजे घालणं, खिडकी उघडणं, पोरांना बाहेर ठेवणं, फरशी वाचवणं हे धरलं, तर त्याची घाईही तेवढी राहत नाही. म्हणूनच आमचा कौल सौम्य आम्लाकडे आहे.

एक मधला मार्गही आहे, त्याबद्दल आम्ही थोडे साशंक आहोत. ऑक्झॅलिक ॲसिड गंजाच्या जुनाट डागांवर सायट्रिकपेक्षा खरोखर अधिक चालतं आणि त्याच्या वाफाही हायड्रोक्लोरिकसारख्या उठत नाहीत. पण ते पांढऱ्या खड्यांच्या रूपात येतं, दिसायला साखर-मिठासारखं, आणि पोटात गेलं तर विष आहे. मूत्रपिंडाला इजा करतं. ज्या टबात तान्ह्याला न्हाऊ घालतात किंवा गुरांना आंबोण देतात, तिथं ते आम्ही वापरणार नाही. जड पाण्यात त्याचा पांढरा साका बसतो ती अडचण वेगळीच. वर्षानुवर्षांचा डाग, रिकामं घर, हातमोजे आणि कुलूपबंद कपाट एवढं असेल, तरच त्याचा विचार करावा.

आता त्या वयस्कर बाईच्या मताकडे. राहू दे, असं ती म्हणते आणि विज्ञान तिच्या बाजूनं आहे. गंजाचा डाग विषारी नसतो. गंजलेल्या वस्तूनं धनुर्वात होतो असं आपण म्हणतो, पण धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, गंजात जन्मत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनंही पिण्याच्या पाण्यातल्या लोहाला आरोग्याच्या कारणासाठी मर्यादा घातलेली नाही, लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर कपड्यांवर आणि नळ-बेसिनवर डाग पडतात एवढंच म्हटलं आहे. डाग एखाद्या कढईचा किंवा जुन्या पत्र्याचा असेल तर कढई उचलावी, पत्र्याच्या कडेला गंजरोधक रंग मारावा आणि टब तसाच वापरावा. त्यात कमीपणा काही नाही.

पण डाग पाण्यातून येत असेल तर तिचं म्हणणं आम्हाला पुरतं पटत नाही. त्याचं कारण टबात सापडणार नाही, ते गावच्या टाकीत आहे.

गावचा पाणीपुरवठा सांभाळणारा जलसुरक्षक टाकीत टीसीएल टाकतो. हजार लिटरला पाच ग्रॅम हे परिचयाचं माप आहे. पाण्यात विरघळलेलं लोह असेल तर क्लोरीन जंतूंकडे वळण्याआधी लोहावर खर्च होतो. दर मिलिग्रॅम लोहामागं साधारण ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन जातो. पावडरीत ३३ टक्के क्लोरीन धरला तर हजार लिटरला पाच ग्रॅम म्हणजे लिटरला १.६५ मिलिग्रॅम. लोह लिटरला एक मिलिग्रॅम असलं, तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त क्लोरीन तिथंच संपला. पावडर जुनी, दमट झालेली असेल तर उरतं आणखी कमी. नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्टमध्ये, म्हणजे उरलेला क्लोरीन मोजायच्या चाचणीत, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे. तो दिसत नाही आणि मग पावसाळ्यात जुलाबाची साथ येते. त्यातून आणखी एक पेच उभा राहतो. टीसीएल पडलं की लोहाचं पाणी लाल होतं, लोकांना वाटतं पावडरीनं पाणी बिघडलं, आणि ते जलसुरक्षकाला पावडर कमी टाकायला सांगतात. वास्तविक पावडरीनं काही बिघडवलेलं नसतं. पाण्यात दिसत नसलेलं लोह तिनं उघड केलेलं असतं. अशा वेळी टीसीएल कमी करणं ही चूक ठरेल. डाग पडले तरी चालतील, कपडे तांबूस झाले तरी चालतील, पण पावसाळ्यात क्लोरीन टाकणं थांबता कामा नये. या एका मुद्द्यावर आम्हाला तडजोड मान्य नाही.

सरकारी मानकही इथं पुरेसं मदतीला येत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात २०१२ मध्ये लोहाची मर्यादा ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीनं ती १.० केली. देशात लोहाचं पाणी असलेल्या वस्त्या पुष्कळ, आणि लोहानं थेट अपाय होत नसताना सगळ्यांना नापास ठरवून पैसा तिकडे वळवण्यापेक्षा तो फ्लोराइड, आर्सेनिक, जंतू यांच्यावर खर्चावा, हा युक्तिवाद वजनदार आहे. पण परिणाम असा की ०.३ ते १.० च्या मधलं पाणी कागदावर उत्तीर्ण होतं आणि टबावर, भिंतीवर, सदऱ्यावर डाग पाडत राहतं. ते डाग घासणाऱ्या हातांची नोंद कोणत्याच अहवालात येत नाही.

ग्रामपंचायतीची बाजूही खोटी नाही. लोह काढायचा प्रकल्प उभा करायचा, त्याची वाळू धुवायची, वीजबिल भरायचं, माणूस ठेवायचा, हे छोट्या वाडीला झेपत नाही. बसवलेला प्रकल्प देखभालीअभावी बंद पडला तर पैसा गेला आणि डाग राहिले. म्हणून प्रकल्पाची मागणी सरसकट करावी असं आम्ही म्हणणार नाही. त्याआधी स्वस्त गोष्टी आहेत. हापशाचं पाणी फक्त पहाटेच लाल येत असेल, तर पाइप बदलणं हाच उपाय आहे. पुढच्या दुरुस्तीत लोखंडाऐवजी प्लास्टिकचा पाइप घालावा असा ठराव करता येतो. लोह पाण्यातच असेल, तर टाकीत पाणी उंचावरून छिद्रांच्या पत्र्यातून पाडायचं, म्हणजे हवा लागते, मग त्याला निवळायला वेळ द्यायचा आणि वाळूतून सोडायचं. पाणी आम्लधर्मी असेल तर हे सावकाश होतं, तिथं थोडा चुना लागतो. घरच्या पातळीवर एका पिंपात पाणी रात्रभर निवळू देऊन वरचं काढून घेतलं, तरी धुण्याचे बरेच डाग टळतील. पिण्याच्या पाण्यात मात्र निवळल्यावर पुन्हा क्लोरीन हवाच.

यासाठी लागणारी मोजणी गावातच होऊ शकते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे, आणि त्या किटमध्ये लोह आणि सामू दोन्ही तपासता येतात. आमची सूचना एवढीच आहे की ही तपासणी जंतूंपुरती उरकू नये. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, हापशाचं पहाटेचं आणि नंतरचं अशी दोन्ही पाणी तपासावीत, लोहाचा आकडा वहीत लिहावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. आकडा एकच्या वर गेला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. तो ०.३ आणि १ यांच्या मधे असला तरी जलसुरक्षकाला तो माहीत असावा, म्हणजे ओटी टेस्टमध्ये क्लोरीन कमी आला तर कारण शोधत बसावं लागणार नाही आणि पावडरीचं माप त्या हिशेबानं वाढवता येईल.